लग्नाचा डीजे: साचा कुठे पाळायचा, कुठे मोडायचा

लग्नाच्या रिसेप्शनला गाणी वाजवणारे चार डीजे एकत्र आले की एक वाद हटकून निघतो. एका गटाचं म्हणणं असं, की कार्यक्रमाचा साचा ठरलेला आहे, त्यात फ्लोअर भरतो, वेळेत सगळं उरकतं, मग उगाच खाजवून खरूज कशाला काढायची? दुसरा गट विचारतो, मग हे लग्न नेमकं कुणाचं हे कळणार कसं? फक्त नावं बदलायची आणि बाकी मागच्या शनिवारचंच वाजवायचं का? मी दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडलो आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना आता मी एवढंच सांगतो: वेळापत्रकापुरता साचा ठेवा, त्यात काय भरायचं ते दर लग्नाला नव्याने विचारा. आणि डान्स फ्लोअर एकट्या जोडप्याचा समजू नका, तो पाहुण्यांचाही असतो. दुसऱ्या गटाला हे शेवटचं वाक्य अजिबात रुचत नाही.

आधी साच्याची बाजू, कारण नवशिके तिला उगाच नाकं मुरडतात. पाहुण्यांचं येणं, जोडप्याची एंट्री, भाषणं, जेवण, जोडप्याचा पहिला डान्स, मग सगळ्यांसाठी फ्लोअर खुला आणि शेवटचं गाणं. हा क्रम कुणा आळशी डीजेने शोधून काढलेला नाही. वाढायला कधी घ्यायचं हे स्वयंपाकघराला कळावं लागतं, एंट्रीआधी फोटोग्राफरला जागा धरावी लागते आणि हॉलची वेळ संपली की दिवे लागतातच. नाच सगळ्यांत शेवटी असल्यामुळे आधीचा प्रत्येक उशीर त्याच्याच खात्यात जमा होतो. कुणाचं भाषण लांबलं, जेवण रेंगाळलं, की दोन तासांचा नाच सव्वा तासावर येतो आणि दोष मात्र डीजेच्या माथी. म्हणून एका पानाचं वेळापत्रक छापून फोटोग्राफर, स्वयंपाकघराचा प्रमुख आणि हॉलचा व्यवस्थापक यांच्या हातात द्या. भाषण करणाऱ्यांना माइक देण्याआधी भेटा, किती वेळ बोलणार ते विचारा आणि ते सांगतील त्याच्या दुप्पट धरून चाला.

साचा दुखावतो तो शब्दांत. पाठ केलेली घोषणा माइकवर सहज निघून जाते: ‘आता नवरी आणि तिचे वडील फ्लोअरवर येतील!’ वडील हयात नसतील तर? आई-वडील वेगळे झालेले असतील आणि समोरासमोरच्या टोकांच्या टेबलांवर पाठ करून बसलेले असतील तर? ज्या काकांनी मुलीला वाढवलं त्यांचं नाव तुमच्या कागदावरच नसेल तर? असं एक वाक्य निसटलं की पुढची कितीही चांगली गाणी ते भरून काढत नाहीत. म्हणून जोडप्यातल्या दोघांना वेगवेगळा फोन करून मी एक प्रश्न विचारतो: कुणाचं नाव माइकवर घ्यायचं नाही? समोरासमोर, दोघं एकत्र बसलेले असताना या प्रश्नाला खरं उत्तर येत नाही. नावांचे उच्चारही फोनवरच घ्या आणि ऐकू येतील तसे लिहून ठेवा, मग मूळ स्पेलिंग काही का असेना.

आता मुख्य भेटीबद्दल. ‘तुम्हाला कुठली गाणी आवडतात?’ हा प्रश्न निकामी आहे. ‘सगळीच’ असं उत्तर येतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी भलीमोठी यादी येते. त्यापेक्षा विचारा: गाडीत कुणाच्या पसंतीची गाणी लागतात आणि दुसरं माणूस ती कशी सोसतं? कुठलं गाणं लागलं तर तुम्ही उठून बाहेर जाल? पाहुण्यांत पहिलं कोण नाचायला उठेल आणि काही केल्या कोण उठणार नाही? मित्रमंडळींची ओळख कुठली: कॉलेज, ऑफिस, की एखादी खेळाची टीम? या गप्पांत दोघं एकमेकांकडे बघून हसतात, एक जण दुसऱ्याचं वाक्य तोडून ‘ते सांगू नको’ म्हणतं. तिथे कान द्या. सोहळ्यात त्यांचं स्वतःचं जे काही असणार आहे, ते बहुतेक त्या ‘सांगू नको’च्या पलीकडेच सापडतं.

एका जोडप्याची ओळख समूहगायनाच्या गटात झाली होती. पाहुण्यांत त्या गटातले बरेच जण होते. ठरलेल्या साच्यात त्यांच्यासाठी पहिला डान्स होता, पण दोघांनाही सगळ्यांदेखत नाचायची मनापासून धास्ती. बोलता बोलता निघालं की गटातल्या मंडळींनी माइकशिवाय, आपापल्या टेबलांपाशी उभं राहून गावं अशी त्यांची इच्छा होती, पण ‘डीजे असताना असं कसं सांगायचं’ म्हणून ते गप्प होते. झालं, पहिला डान्स काढून टाकला. मग माझं काम उरलं ते शांतता तयार करण्याचं, आणि ते वाटतं तेवढं सोपं नाही. मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या पट्ट्या, खाली ओढले तरी स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू येत राहतं, कारण लॅपटॉप आणि अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र) वेगवेगळ्या सॉकेटांवर असले की अर्थिंगमधून तो गुणगुणाट शिरतो. गाण्यांच्या गोंगाटात तो कुणाला जाणवत नाही, माइकशिवायच्या गाण्यात मात्र कानात खुपतो. साउंडचेकलाच तो पकडला, सगळी यंत्रं एका सॉकेटपट्टीवर घेतली आणि गाण्याच्या वेळी अ‍ॅम्प सरळ म्यूट केला. स्वयंपाकघराला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ताटंही त्या चार मिनिटांत वाजली नाहीत. संपूर्ण कार्यक्रमात वेगळं होतं ते एवढंच. बाकीचा साचा जसाच्या तसा, वेळेवर.

पण वैयक्तिक म्हणजे जोडप्याची अख्खी प्लेलिस्ट, असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. साधा हिशेब करा. दोन तास नाच म्हणजे १२० मिनिटं. गाणं पूर्ण न वाजवता सरासरी तीन मिनिटं धरलं तर ४० गाणी होतात. जोडपं ९० गाण्यांची यादी पाठवतं आणि त्यातली निम्मी कानात हेडफोन घालून एकट्याने ऐकायची असतात. सात मात्रांच्या विचित्र ठेक्यावरचं रॉक त्या दोघांना कितीही प्रिय असो, त्यावर आजीही नाचत नाही आणि भाचाही. यादी नाकारू नका, तिचे ढीग करा. पाहुणे येतानाची आणि जेवतानाची गाणी एका ढिगात. या ढिगात जोडप्याच्या आवडीला मोकळं रान द्या, कारण तिथे नाचायचं कुणालाच नसतं आणि जाणकार मित्र बरोबर कान टवकारतात. नाचासाठी ‘हे हवंच’ अशी दहाबारा गाणी त्यांच्याकडून निवडून घ्या. उरलेली जागा समोरच्या लोकांकडे बघून भरा. ‘हे नकोच’ची यादी मात्र तंतोतंत पाळा, एखादा पाहुणा चारदा येऊन तेच गाणं मागत असला तरीही. ‘जोडप्याने नको सांगितलंय’ असं खरं खरं सांगितलं की बहुतेक जण हिरमुसून का होईना, जातात.

समोरच्या लोकांकडे बघणं म्हणजे काय, हे शिकवता येत नाही, पण काय बघायचं ते सांगता येतं. फ्लोअरच्या मधोमध नाचणारे काही झालं तरी नाचणारच आहेत. लक्ष कडेवर ठेवा: कोण पायाने ठेका धरून उभं आहे, कोण खुर्चीत बसून ओळी पुटपुटतंय. पुढचं गाणं त्यांचं. एका वयोगटाची तीनचार गाणी झाली की दुसऱ्याकडे वळा, नाहीतर ती मंडळी निरोप घ्यायला लागतात, आणि एकदा का कुणी पर्स उचलली की संपलं. नवे डीजे मिक्सिंगवर फार जीव टाकतात. लग्नाला आलेल्या माणसाचं लक्ष तुमच्या बीट मॅचिंगकडे, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवण्याकडे, नसतं, मुखडा कधी येतो याकडे असतं. तरी तंत्र पक्कं असूच द्या. ७० बीपीएमच्या (मिनिटाला ७० ठोके) गाण्यावरून १४० वर सहज जाता येतं, कारण ठोका दुपटीत जुळतो. वेग साधारण ६ टक्क्यांनी बदलला की स्वर अर्ध्या सुराने सरकतो, म्हणून गाणाऱ्याचा आवाज चिरका नको असेल तर ‘की लॉक’ (वेग बदलला तरी स्वर तोच ठेवणारी सोय) चालू ठेवा. आणि जिथे काहीच जुळत नाही तिथे टप्पा संपताना सरळ गाणं बदला.

पहिला डान्स ठेवायचाच असेल तर गाणं कापून घ्या. लाजणाऱ्या जोडप्याला चार मिनिटं गोल गोल फिरणं म्हणजे शिक्षा असते. ६० बीपीएमच्या संथ गाण्यात चार मात्रांचा एक बार चार सेकंदांचा, म्हणजे आठ बारचा टप्पा ३२ सेकंदांचा. असे चार टप्पे ठेवले की दोन मिनिटं आठ सेकंद होतात. कात्री टप्प्याच्या शेवटीच चालवा, मधे चालवली तर गाणं तोंडपाठ असलेल्या मंडळींच्या भुवया लगेच उंचावतात. कापलेली फाइल जोडप्याला आधी पाठवा, त्यांना घरी दोनदा नाचून बघू द्या.

आवाजाबद्दल थोडं. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेने कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा शिफारस केली आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी जे मानक दिलं त्यातही १५ मिनिटांच्या सरासरीवर १०० डेसिबलची वरची मर्यादा आहे. पाहुणा कंटाळून बाहेर जाऊ शकतो, तुम्ही रात्रभर तिथेच, त्यामुळे इअरप्लग ही चैन नव्हे. स्पीकर स्टँडवर, डोक्याच्या वर आणि तोंड फ्लोअरकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे कमी उतरतो, तरी ज्येष्ठांची टेबलं स्पीकरपासून लांब लावून घ्यायला जोडप्याला आधीच सांगा. हेही वैयक्तिक सोहळ्याचाच भाग आहे, पण जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

साधनांचं थोडक्यात. गाणी स्वतःच्या डिस्कवर असू द्या. स्ट्रीमिंगच्या भरवशावर बसलेल्या डीजेंना १ जुलै २०२० रोजी जाग आली, कारण त्या दिवसापासून स्पॉटिफायची गाणी डीजे सॉफ्टवेअरमध्ये वाजणं बंद झालं. २०२५ मध्ये काही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय परत आली, पण हॉलच्या तळघरात नेटवर्क कुठून आणणार? शिवाय गाणी जाहीरपणे वाजवण्याचा परवाना हा वेगळा विषय आहे. तो हॉलकडे आहे की तुम्ही घ्यायचा, हे लेखी विचारा. दोन पेनड्राइव्ह ठेवा आणि दोन्ही फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, कारण जुने प्लेअर एक्सफॅट हा नवा फॉरमॅट वाचत नाहीत. फोनमध्ये तासाभराची तयार प्लेलिस्ट आणि तो मिक्सरला जोडायची केबल खिशात असावी. लॅपटॉप मान टाकतो तो बरोबर एंट्रीच्याच वेळी.

सुरुवात कुणाचा तरी मदतनीस म्हणूनच करा. केबल पीळ न पाडता गुंडाळायला शिका, स्टँड उभे करा, आणि गाणं बदलताना मिक्सरऐवजी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत राहा. पहिल्या काही समारंभांत फक्त जेवणाच्या वेळची गाणी मागून घ्या. तिथे घाई नसते आणि आवाज संवादाच्या खाली ठेवायची सवय लागते.

दर ठरवताना ‘साधं पॅकेज’ आणि ‘वैयक्तिक पॅकेज’ असे दोन भाव लावायची टूम आहे. मला ती पटत नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही हे विचारण्याचे जादा पैसे कसले? तयारीचे तास मोजा, फोन, भेट, गाणी कापणं, जागा बघणं हे सगळं धरून एकच दर सांगा आणि कमी वाटला तर वाढवा. आगाऊ रक्कम, रद्द झाल्यास काय, सुरुवात आणि शेवटची वेळ हे करारात येतंच. नवे लोक विसरतात ते वाढीव वेळेचं कलम. रात्री कुणीतरी मामा येऊन खांद्यावर हात टाकतात आणि ‘अजून अर्धा तास चालू दे’ म्हणतात. बिल मात्र त्यांना भरायचं नसतं. वाढीव वेळेचा दर लिहा, ती फक्त जोडप्यातल्या एका ठरलेल्या व्यक्तीच्या होकारानेच मिळेल असं लिहा, आणि ते नाव वेळापत्रकाच्या पानावर अगदी वर ठेवा.