हॉर्सशू पिचिंग: फेकून झाल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

हॉर्सशू पिचिंग म्हणजे मातीच्या खड्ड्यात ठोकलेल्या खुंट्याकडे लोखंडी नाल फेकायचा खेळ. गेम 40 गुणांचा होता, गुणफलक 38-36 आणि गुण लिहायला मी बसलो होतो. दोघांचा एकेक रिंगर पडला, म्हणजे नाल खुंट्याभोवती बसला, आणि ते दोन्ही एकमेकांत कटले, त्यांचे गुण कोणालाच नाहीत. उरलेले दोन नाल खुंट्यापासून चार-पाच बोटांवर पडले होते. 38 गुणांवरचा खेळाडू झपझप चालत गेला, वाकला, आपले दोन्ही नाल उचलले, हातानं माती झटकली आणि म्हणाला, "माझा जवळ होता, एक गुण लिहा." समोरचा खेळाडू अजून खड्ड्यापर्यंत पोहोचलाही नव्हता.

मातीत नालाचा ठसा उरला होता, पण ठशावरून मोजमाप होत नाही. गुण ठरण्याआधी ज्यानं नाल हलवला त्याचे नाल बाद होतात आणि दुसऱ्याचे जसे पडले असतील तसे मोजले जातात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या रिंगरचे 3 आणि जवळच्या नालाचा 1 असे चार गुण झाले. 36 चे 40 झाले आणि गेम तिथेच संपला. हरलेला खेळाडू त्या दिवशी सुरेख फेकत होता. कदाचित खरंच त्याचाच नाल जवळ असेल. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

फेकीचा सराव सगळे करतात. नाल किती वळणं घेत जावा, अंगठा कुठे असावा, पाऊल किती लांब टाकावं यावर तासन्‌तास बोलणं होतं. पण खड्ड्याशी पोहोचल्यावर काय करायचं, हे फार थोडे जण शिकून येतात. खाली लिहिलेलं अमेरिकेतल्या नॅशनल हॉर्सशू पिचर्स असोसिएशनच्या नियमांना धरून आहे. स्पर्धा भरवणारे बहुतेक जण याच नियमांचा आधार घेतात.

चारही नालांवर नजर, हात मागे

एका फेरीत चार नाल असतात, दोन तुमचे आणि दोन समोरच्याचे. पहिला खेळाडू आपले दोन्ही नाल फेकतो, मग दुसरा. दोघांचे होईपर्यंत समोरच्या खुंट्याकडे कोणी जात नाही. पोहोचल्यावर चारही नाल जमिनीवर असताना आधी तोंडानं बोला: "तुझा एक रिंगर, माझा एक, जवळचा माझा. एक गुण." समोरच्यानं "बरोबर" म्हटलं की मगच वाका. जरा शंका आली तर मोजमाप मागा. मोजमाप मागण्यात अविश्वास नसतो. दोन जुने मित्रही बिनदिक्कत कॅलिपर, म्हणजे अंतर मोजायचं साधन, मागतात.

माझा आग्रह असा की खड्ड्याशी उभं राहताना हात पाठीमागे बांधायची सवयच लावून घ्यावी. हात मोकळे असले की ते आपोआप नालाकडे जातात.

रिंगर दिसतो, पण असतोच असं नाही

नाल खुंट्याभोवती पडला की तो रिंगर, असं उभ्या उभ्या वाटतं. नियम मात्र नेमका आहे. नालाच्या दोन्ही टोकांना एक सरळ पट्टी टेकवायची, आणि ती खुंट्याला लागता कामा नये. तसं झालं तरच रिंगर आणि 3 गुण.

चूक होते ती बघण्याच्या कोनात. उभं राहून वरून पाहिलं तर खुंट्याचा वरचा भाग दिसतो, आणि तो मुद्दामच समोरच्या खुंट्याकडे साधारण 3 इंच झुकवलेला असतो. नाल मात्र तळाशी पडलेला असतो. त्यामुळे वरून अगदी आत वाटणारा नाल तळाशी बाहेर असू शकतो आणि उलटही होऊ शकतं. गुडघ्यावर बसा आणि डोळा नालाच्या पातळीवर आणा. पट्टी टोकांना हलकेच लावा, दाबू नका. पट्टी आणि खुंटा यांच्यामधून उजेडाची बारीकशी रेघ दिसली तर रिंगर. पट्टी दाबली तर ओल्या मातीत नाल केसभर सरकतो, आणि एवढ्या बारीक प्रकरणात केसभर म्हणजे तीन गुण.

मोजणी शक्यतो त्रयस्थानं करावी. खेळाडूंनाच करायची असेल तर एकानं पट्टी धरावी आणि दुसऱ्यानं पाहावं.

टेकलेल्या नालाचे दोन गुण

सगळ्यात चिवट चूक हीच. घरच्या अंगणात खेळताना खुंट्याला तिरका टेकून उभ्या राहिलेल्या नालाला, म्हणजे लीनरला, दोन गुण द्यायची पद्धत खूप ठिकाणी आहे. स्पर्धेत त्याला एकच गुण मिळतो. तो डौलानं उभा असला तरी नियमाच्या नजरेत तो खुंट्याला चिकटून पडलेल्या दुसऱ्या कुठल्याही नालासारखाच. तुमचा लीनर आणि समोरच्याचा खुंट्याला नुसता स्पर्श करणारा नाल यांचं अंतर सारखंच धरतात, शून्य. अशा वेळी ते दोन्ही बरोबरीत सुटतात आणि गुण पुढच्या सर्वांत जवळच्या नालाला जातो, तोही मर्यादेत असेल तरच.

ही मर्यादा 6 इंचांची. नालाचा खुंट्याच्या सर्वांत जवळचा भाग 6 इंचांच्या आत हवा. चारही नालांमध्ये तुमचा नाल सर्वांत जवळ असला तरी तो 7 इंचांवर असेल तर शून्य गुण. नवखे खेळाडू "जवळचा माझा" म्हणून गुण लावून घेतात आणि समोरचा नवखा मान डोलावतो. लिहिणाऱ्यानं अशा वेळी गप्प बसू नये.

कॅन्सलेशन आणि काउंट-ऑल यांची खिचडी

गुण मोजायच्या दोन पद्धती आहेत. गेम कोणत्या पद्धतीनं आहे, हे पहिला नाल फेकण्याआधी विचारून घ्या.

काउंट-ऑलमध्ये समोरच्यानं काय केलं याच्याशी तुमच्या गुणांचा संबंध नाही. प्रत्येक रिंगरचे 3 आणि 6 इंचांच्या आतल्या प्रत्येक नालाचा 1, बस्स. गेम ठरावीक नालांचा असतो. 50 नालांचा असेल तर जास्तीत जास्त 150 गुण होतात. यात दोघांनाही एकाच फेरीत गुण मिळतात.

कॅन्सलेशनमध्ये दोघांचे रिंगर एकमेकांना कापतात, आणि एका फेरीत फक्त एकालाच गुण मिळतात, किंवा कोणालाच नाही. गोंधळ होतो तो इथेच, म्हणून हे जरा सावकाश पाहू.

तुमचे दोन रिंगर, समोरच्याचा एकही नाही: 6 गुण. तुमचे दोन आणि त्याचा एक: एक जोडी कटली, तुमचा एक उरला, 3 गुण. दोघांचे दोन-दोन: याला फोर डेड म्हणतात, गुण शून्य. दोघांचा एकेक: रिंगर कटले, उरलेल्या दोन नालांपैकी जवळच्याला 1. तुमचा एक रिंगर, त्याचा एकही नाही, आणि तुमचा दुसरा नाल त्याच्या दोन्हींपेक्षा जवळ: 4 गुण.

आता चुकीची जागा. तुमचा एक रिंगर आहे, त्याचा एकही नाही, पण त्याचा एक नाल तुमच्या दुसऱ्या नालापेक्षा जवळ आहे. लोक तुम्हाला 3 आणि त्याला 1 लिहितात, किंवा 3 मधून 1 वजा करून 2 लिहितात. दोन्ही चूक. तुमचा रिंगर सर्वांत जवळचा आहेच, त्यामुळे तुमचे 3 राहतात आणि त्याला काही नाही. त्याच्या नालानं तुमचा चौथा गुण तेवढा अडवला. रिंगरला फक्त रिंगरच कापतो.

रिंगर अजिबात नसेल तर हिशेब सोपा. जवळचा एक नाल तुमचा असेल तर 1, तुमचे दोन्ही समोरच्याच्या जवळच्या नालापेक्षा जवळ असतील आणि 6 इंचांच्या आत असतील तर 2.

कटलेला रिंगर वहीतून गायब होतो

कॅन्सलेशनमध्ये फोर डेड झाला की काही जण त्या फेरीत नुसतं शून्य लिहून पुढे जातात. गुण शून्य असले तरी रिंगर झालेच ना! खेळाडूची खरी मोजपट्टी म्हणजे रिंगर टक्केवारी, म्हणजे एकूण फेकलेल्या नालांपैकी किती रिंगर. 40 नालांत 22 रिंगर म्हणजे 55 टक्के. यात कटलेले रिंगरही धरायचेच. त्यांची नोंद सुटली तर खेळाडूची टक्केवारी विनाकारण खाली येते, आणि पुढच्या स्पर्धेत त्याला कोणत्या गटात घालायचं हेही बऱ्याचदा याच आकड्यावर ठरतं.

वरच्या पातळीवर कटलेल्या रिंगरांचीच गर्दी असते. 1965 साली ग्लेन हेंटन यांनी एकाच गेममध्ये 194 नाल फेकले आणि त्यातले 175 रिंगर होते, म्हणजे 90 टक्क्यांहून जास्त. काउंट-ऑलनं मोजले तर निव्वळ रिंगरांचेच 525 गुण झाले असते. समोरचा खेळाडूही जवळपास तसंच फेकत होता, म्हणून गुणफलक कासवाच्या चालीनं सरकत राहिला. आपल्या काळात वीसहून जास्त जागतिक विजेतेपदं मिळवणारे ॲलन फ्रान्सिस हेही 90 टक्क्यांच्या आसपास खेळलेले आहेत. अशा गेममध्ये शून्याच्या फेऱ्यांमध्ये काय झालं हे लिहिलं नसेल, तर त्या कागदात खेळाचा जीवच उरत नाही.

पाय कुठे, खुंटा कसा

दोन खुंट्यांमध्ये 40 फूट अंतर. पूर्ण अंतरावरून फेकणाऱ्यांची फाउल लाइन समोरच्या खुंट्यापासून 37 फुटांवर असते. महिला, ज्युनिअर आणि 70 वर्षांवरच्या खेळाडूंना 27 फुटांच्या रेषेपर्यंत पुढे येता येतं. नाल हातातून सुटेपर्यंत पाय रेषेवर किंवा रेषेपुढे गेला तर ती फेक फुकट. तो नाल फेकल्यात मोजला जातो, गुण मात्र मिळत नाही. पुढे झेपावायची सवय असेल तर एक पाऊल मागून सुरुवात करा. रेषेला चिकटून उभं राहण्यात काहीही फायदा नाही.

एका फेरीतले दोन्ही नाल खुंट्याच्या एकाच बाजूच्या प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे उभं राहून फेकायच्या जागेवरून, फेकायचे. नाल आधी खड्ड्याबाहेर आपटून मग उडी मारून आत आला, तर तो अगदी खुंट्याभोवती बसला तरी मोजत नाहीत. पडताना नालाचे तुकडे झाले तर मात्र तो बाजूला काढून पुन्हा फेकायला मिळतं. हा नियम माहीत नसल्यामुळे एका खेळाडूला मी निमूटपणे शून्य स्वीकारताना पाहिलंय.

आता अशी तक्रार पाहू: "माझे रिंगर बसतात आणि उडून बाहेर जातात." दोष दरवेळी फेकीचा नसतो. आधी खुंटा तपासा. तो 1 इंच जाडीचा, मातीच्या वर 14 ते 15 इंच आणि समोरच्या खुंट्याकडे झुकलेला हवा. सरळ उभा ठोकलेला किंवा मुळाशी सैल असलेला खुंटा नाल झटकून टाकतो. मग माती पाहा. चिकणमाती सुकून कडक झाली की नाल त्यावरून टणकन उसळतो. ती ओलसर आणि चिकट हवी, नाल जिथे पडला तिथे रुतला पाहिजे. दुपारच्या उन्हात दोन गेममध्ये पाणी शिंपडून माती कालवावीच लागते.

नालही तपासा. वजन 2 पौंड 10 औंसांपेक्षा जास्त नको आणि तोंडाची रुंदी 3½ इंचांपेक्षा जास्त नको. खूप वापरलेला नाल आपटून आपटून हळूहळू फाकतो, आणि हे मालकाच्या लक्षात येत नाही. स्पर्धेच्या सकाळी कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात मोजून घ्या. कडांना आलेले धारदार कंगोरे कानशीनं घासून काढा, नाहीतर पहिली जखम तुमच्याच बोटाला होईल.

दोन वह्या जुळत नाहीत तेव्हा

गेम संपला, दोन लिहिणाऱ्यांचे आकडे वेगळे. आरडाओरडा सुरू होण्याआधी फेरीवार खाली उतरत जा आणि अशक्य आकडे शोधा. एका फेरीत एका खेळाडूला 5 गुण कोणत्याही पद्धतीत होऊच शकत नाहीत. दोन नालांतून 0, 1, 2, 3, 4 किंवा 6 एवढेच निघतात. कॅन्सलेशनच्या कागदावर एकाच फेरीत दोघांच्याही नावापुढे गुण दिसले, तर चूक तिथे आहे. त्याच पद्धतीत दोघांचेही रिंगर पडलेल्या फेरीत गुण 0, 1 किंवा 3 एवढेच असू शकतात. तिथे 4 लिहिलेले असतील तर कुणीतरी कापायचं विसरलंय.

काउंट-ऑलमध्ये उलट बाजूनं तपासा. 50 नालांत 22 रिंगर आणि 15 जवळचे असतील तर 66 अधिक 15, म्हणजे 81 गुण, आणि 13 नाल वाया गेले. 22, 15 आणि 13 यांची बेरीज 50 आली पाहिजे. 48 आली तर एखादी आख्खी फेरी लिहायची राहून गेली आहे, आणि ती बहुतेक वेळा पाणी प्यायला थांबलेल्या फेरीच्या आसपास सापडते.