विश्वास आणि रोजचं जगणं लिहिताय? निदान या चुका टाळा

कुणी 'मीही आता लिहायला लागलोय, जरा बघता का' म्हणत कागद पुढे केला की मी आधी शेवटची ओळ वाचते. तिथे उद्गारचिन्ह दिसलं की मधलं सगळं न वाचताच कळतं. संकट आलं, गुडघे टेकले, बायबलातलं वचन मिळालं, संकट गेलं, प्रभूची स्तुती असो! बरीच वर्षं मी स्वतः असंच लिहिलं आणि आता बरीच वर्षं दुसऱ्यांचं तपासते आहे. चुका त्याच त्या. त्यातल्या दोन अशा आहेत की त्या दिसल्या की माझं डोकंच फिरतं, त्यामुळे त्यांवर जरा जास्त बोलणार आहे. बाकीच्या जाता जाता.

वचन उपटून आणणं

सगळ्यात जास्त हाल झालेलं वचन म्हणजे यिर्मया २९:११, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाची अकरावी ओळ. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचेच संकल्प आहेत, असं परमेश्वर म्हणतो, तेच. निकाल लागला, नोकरी लागली, बदली हवी तिथे झाली, की लेखाच्या डोक्यावर हे येऊन बसतं. सोबत बहुतेक वेळा उगवता सूर्य.

आता फक्त एक ओळ वर सरका. दहाव्या वचनात काय आहे? बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, सत्तर वर्षं भरल्यावर. सत्तर! हे पत्र आहे. यरुशलेमेत असलेल्या यिर्मयाने, इ. स. पू. ५९७च्या सुमारास पाडाव करून बाबेलला नेलेल्या लोकांना धाडलेलं. ते ऐकणारा तिशीचा माणूस जिवंतपणी घरी परतणार नव्हता, आणि पत्र त्याला तेच सांगत होतं. म्हणून तर पाचव्या-सहाव्या वचनात घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा असं आहे. सातव्यात तर ज्या नगरात तुम्हाला धरून नेलं त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं आहे. ते वचन मी आजवर कुणाच्या लेखाच्या डोक्यावर पाहिलेलं नाही.

अजून थोडं मागे जा. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो. तो सांगतो, सत्तरबित्तर काही नाही, दोन वर्षांत सगळे परत. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून तो सर्वांदेखत मोडतो. त्याचं बोलणं परमेश्वराकडचं नव्हतं आणि त्याच वर्षी तो मेला. गंमत अशी की आज आपण वचन यिर्मयाचं घेतो आणि लिहितो हनन्याच्या आवाजात.

प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या ४:१३चंही तेच. 'मी सर्व काही करू शकतो' हे वाक्य स्पर्धा जिंकणाऱ्याच्या तोंडी शोभतं खरं, पण लिहिणारा पौल कैदेत होता आणि वरच्या ओळीत तो पोटभर जेवण्याबद्दल नि उपाशी राहण्याबद्दल बोलतो आहे. उपास पडला तरी निभतं, असा तो भाव. मुळात ही आकड्यांची सोयच आपला घात करते. अध्यायांचे आजचे आकडे तेराव्या शतकातले, स्टीफन लँगटन या इंग्रज धर्मगुरूने पाडलेले. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१मध्ये घातले. पौलाने पत्र धाडलं तेव्हा त्यात 'चार-तेरा' असं काही नव्हतं. ते एका दमात मोठ्याने वाचायचं पत्र होतं.

म्हणून माझी सवय अशी. जे वचन वापरायचं त्याचा अख्खा अध्याय मी मोठ्याने वाचते, आणि आधीचा मनात. मग पेन्सिलीने समासात लिहिते की कोण कुणाशी बोलतंय आणि ऐकणाऱ्याची त्या घडीला काय अवस्था आहे. नंतर वही मिटते. दुसऱ्या दिवशीही ते वचन माझ्या लेखात बसत असेल तर ठेवते. निम्म्या वेळा बसत नाही.

नवशिक्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: एवढा वेळ कुठे आहे? फोनवर रोज सकाळी एक वचन येतं, ते चिकटवलं की झालं. मग वचन नका वापरू! खरंच नका वापरू. एस्तेरच्या मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्या दोन परिच्छेदांत वचन नसलं तर काही आभाळ कोसळत नाही.

दुसऱ्याचं दुःख आपल्या लेखात

ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती बारीक नव्हती.

लिहायला लागून दोनेक वर्षं झाली होती. लोक वाचत होते, बरं म्हणत होते, डोक्यात थोडी हवा गेली होती. प्रार्थनेच्या बैठकीतल्या एका मैत्रिणीने रात्री उशिरा फोन केला आणि नवऱ्याच्या पिण्याबद्दल पहिल्यांदाच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, 'ताई, प्रार्थना कर.' चार दिवसांनी मी त्यावर लेख लिहिला. नाव अर्थातच काढलं, 'एक बहीण' असं केलं. नोकरी बदलली, मुलांची संख्या बदलली. पण तिने सांगितलं होतं की तो यायची वेळ झाली की ती मुलीच्या चपला पलंगाखाली सारून ठेवते, कारण एकदा दारात पाय अडखळला म्हणून त्याने त्या खिडकीबाहेर फेकल्या होत्या. ते चपलांचं मला फार आवडलं. हो, आवडलं, हाच शब्द खरा आहे. लेखाची सुरुवातच मी तिथून केली.

लेख चांगला झाला होता. वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या जावेनेही वाचला, आणि जावेने त्या चपला पलंगाखाली पाहिलेल्या होत्या.

मैत्रीण घरी आली. चिडली नाही, बसलीही नाही. दारातच उभी राहून म्हणाली, 'त्या रात्री तू आधी प्रार्थना केलीस की आधी लिहून घेतलंस?' मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर मी खरोखरच आधी वही उघडली होती, विसरायला नको म्हणून.

दीड वर्ष ती बैठकीला आली नाही. आता येते. माझ्या शेजारी बसत नाही.

तेव्हापासून एक नियम आहे. दुसऱ्या माणसाचं काहीही लेखात आलं तर तो भाग मी त्याला समोर बसवून वाचून दाखवते. पाठवून 'चालेल ना?' असं विचारत नाही, कारण कागदावर लोक भिडेखातर 'चालेल' म्हणतात. समोर बसलं की चेहरा कळतो. वाचताना माणूस क्षणभर जरी गप्प झाला तरी तो भाग जातो, कितीही सुंदर उतरलेला असो. नाव बदललं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ध्यानात ठेवावं की माणसं नावावरून नाही, चपलांवरून ओळखू येतात.

स्वतःच्या लेकरांबद्दल तर दुप्पट जपा. त्याने अंथरूण ओलं केलं आणि मला क्षमेचा धडा मिळाला, असलं काही लिहिताना एवढं लक्षात असू द्या की त्याला लवकरच वाचता येणार आहे.

आणि प्रार्थना विनंतीच्या नावाखाली इकडची बातमी तिकडे करणाऱ्यांना मी काय सांगणार? बायबलात, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहिले. त्यांनी तोंड उघडल्यावर जे झालं त्यात पुढचे कितीतरी अध्याय गेले आणि शेवटी, ४२:७मध्ये, देवाने त्यांना सुनावलंच.

शेवट घडायच्या आधी शेवट लिहिणं

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. पाठदुखी गेल्याची साक्ष मी एकदा मोठ्या उत्साहाने लिहून काढली. रविवारी उपासनेत ती उभं राहून वाचायची होती. शनिवारी पाठ पुन्हा धरली. रविवारी साक्ष वाचायला मला खुर्ची मागावी लागली.

साक्ष मुरू द्यावी. संत ऑगस्टीनचा पालट, म्हणजे ख्रिस्ताकडे वळणं, ३८६मधला, बाप्तिस्मा ३८७मधला, आणि स्वतःची कहाणी तो लिहायला बसला तो साधारण दहा वर्षांनी. आपल्याकडे मंगळवारी घडलं की गुरुवारी लेख तयार.

आणि अजून सुटलेलं नसेल तर तसंच लिहा ना. 'अजून काही झालेलं नाही' हेही वाक्यच आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पाहा, ते अंधारावर संपतं. पुढे आशेची ओळ जोडायचा मोह कुणालाही झाला असता, पण जोडलेली नाही. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली, त्याच्या रोजनिशीतली २४ मे १७३८ची नोंद सगळ्यांना माहीत असते, हृदयात ऊब दाटून आल्याची. त्याच रोजनिशीत जानेवारी १७३९मध्ये तो लिहितो की मी ख्रिस्ती नाही. आठ महिनेही झाले नव्हते. पहिली नोंद खोटी पडेल म्हणून त्याने दुसरी गाळली नाही. तुमच्या वहीत अशी दोन पानं एकमेकांशी भांडत असतील तर भांडू द्या. जुनं पान फाडू नका, फक्त दोन्हींवर तारीख हवी. तारखेचा मला इतका कंटाळा होता की पहिल्या तीन वह्यांतलं आधीचं काय नि नंतरचं काय ते आता मलाही सांगता येत नाही.

प्रत्येक नळातून बोध

नळ गळतोय, म्हणजे कृपा थेंबाथेंबाने उतरते. बस चुकली, म्हणजे देवाची वेळ वेगळी. दूध उतू गेलं, म्हणजे माझा प्याला भरून वाहतो. असं रोज लिहिलं तर महिन्याभरात वाचणाऱ्याला घरातली भांडीसुद्धा उपदेश करताना ऐकू यायला लागतात. नळ गळतोय तर नळ गळतोय एवढंच लिहा, आणि नळवाला आला का तेही लिहा.

रोजचं जगणं कसं लिहायचं ते मराठीत शिकायचं असेल तर फार लांब जावं लागत नाही. लक्ष्मीबाई टिळक आहेत. पतीचा बाप्तिस्मा १८९५मध्ये, त्यांचा १९००मध्ये. मधल्या वर्षांतली ताटातूट, राग, सोवळंओवळं, सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि तेही स्वतःला हसत. कुठेही थांबून त्या 'यावरून आपण काय शिकतो' असं विचारत नाहीत. नवऱ्याच्या विसराळूपणाला त्या विसराळूपणाच म्हणतात.

माझी तपासणी अगदी अडाणी आहे. लेखात 'आपण' किती वेळा आला ते मोजायचं. 'आपण विसरतो', 'आपण शिकलं पाहिजे', 'आपल्याला कळायला हवं'. प्रत्येक ठिकाणी 'मी' घालून बघायचं. 'मी विसरते' असं लिहायला लाज वाटली, तर तिथे लिहिण्यासारखं काहीतरी आहे. काहीच वाटलं नाही, तर ते वाक्य प्रवचनातून आलेलं आहे, काढून टाका.

बाकीच्या, भराभर

मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भाषा बाहेर जशीच्या तशी नेऊ नका. 'मी आजारी होतो तेव्हा माझ्या समाचारास आलात' हे मत्तयाच्या शुभवर्तमानात वाचणाऱ्याला कळतं. पण 'मी आजारी पडलो आणि पाळकसाहेबांनी माझा समाचार घेतला' असं लिहिलंत, तर बाहेरच्याला तुमची कीव येईल. 'ओझं दिलं', 'हृदयात घातलं', 'दार उघडलं' हेही एकदा मंडळीबाहेरच्या माणसाला वाचायला देऊन पाहा.

'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' हे पवित्र शास्त्रात नाही. शोधू नका, सापडणार नाही. 'पैसा हे सर्व वाईटाचं मूळ' हेही नाही. १ तीमथ्य ६:१० पैशाच्या लोभाबद्दल बोलतं. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही, भेटी तीन होत्या. 'सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा' हे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या लिखाणात सापडत नाही. ते वाक्य वापरणारे बहुतेक जण बरंच बोलतात, हा आणखी एक विनोद.

दुसऱ्या धर्माला किंवा दुसऱ्या मंडळीला टोमणा मारून स्वतःचा विश्वास उजळत नाही.

एक जानेवारीला 'यंदा रोज लिहिणार' असं जाहीर करू नका. उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पुस्तकापासून, वाचत लिहीत निघालेले उत्साही लोक मी खूप पाहिलेत. लेवीय हे नियमांचं पुस्तक आलं की वही बंद होते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. मी शनिवारी रात्री बसते.

आणि काहीच सुचलं नाही तर? तर काहीच सुचलं नाही. त्या दिवशी मी तारीख टाकते, वाचलेला अध्याय लिहिते आणि झोपते. गेल्या शनिवारच्या पानावर एवढंच आहे: '१ इतिहास ४. नावंच नावं. याबेसापर्यंत पोचायच्या आधीच झोप लागली.'