बाळाच्या दंडावर बीसीजीचा फोड पिकलाय, काखेत गाठ आलीय: काय करायचं, काय नाही

बीसीजी म्हणजे टीबीची (क्षयरोगाची) लस, ती बहुतेक वेळा जन्मल्यावर दवाखान्यातच डाव्या दंडावर टोचतात आणि मग दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही, त्यामुळे घरातले सगळे विसरूनही जातात. मग एक दिवस तिथे लाल पुटकुळी येते, वाढते, पिकते, फुटते, खपली धरते, परत ओली होते. माझ्या लेकीचं सहाव्या आठवड्यात असं झालं तेव्हा मी रात्रभर रडत होते कारण हे असंच होतं हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. साधारण ६ ते १२ आठवड्यांत ते आपोआप भरतं, छोटा व्रण राहतो.

त्यावर हळद, एरंडेल, अँटिबायोटिक पावडर काहीही लावू नका. पिळू नका, शेकू नका, घट्ट पट्टी नको. आंघोळीनंतर मऊ कापडाने टिपा, सैल सुती झबलं घाला, मालिश करताना तेवढी जागा सोडा. आजी कितीही म्हणाली तरी!

आता गाठीचं. डाव्या काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येऊ शकतं. ते लहान, टणक, बोटाखाली सरकणारं असेल आणि बाळ नीट पीत असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा आणि वाट बघा, जिरायला कधी काही महिने लागतात. दर आठवड्याला मोबाईलवर फोटो काढा, वाढतेय का ते कळतं.

गाठ मोठी होऊन लिबलिबीत झाली, वरची कातडी लाल-चकचकीत झाली तर आत पू झालाय. अशा वेळी सहसा सुईने पू ओढून काढतात. चिरा देऊन काढला तर जखम महिनोन्महिने वाहत राहू शकते, म्हणून कोणी लगेच चिरा द्यायचं म्हणालं तर आधी बालरोगतज्ज्ञांचं मत घ्याच. टीबीची औषधंही अशा गाठीला सहसा लागत नाहीत, आपल्या मनाने तर मुळीच सुरू करू नका.

थांबायचं नाही ते कधी: ताप, बाळाचं वजन वाढत नाहीये, सारखे इन्फेक्शन, आईला एचआयव्ही, किंवा घरात आधी एखादं बाळ तान्हं असतानाच गेलेलं. यात बाळाची प्रतिकारशक्तीच कमी असू शकते आणि लशीतले जंतू अंगभर पसरू शकतात. फार क्वचित होतं पण त्याच दिवशी जा. तीन महिन्यांनंतरही जखम ओली असेल तरी दाखवा.

गाठ आहे म्हणून दीड महिन्याच्या लशी परस्पर पुढे ढकलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि व्रण उठलाच नाही तर पुन्हा बीसीजी टोचायची गरज नसते.