लिंक रॉड बदलला, खडखड गेली

यावल रस्त्यावर केळीच्या ट्रकला बाजू देताना माझी दोन सिटांची गाडी खड्ड्यात आपटली. पुढचा उजवा लिंक रॉड (चाकाकडचा भाग अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) बॉल जॉइंटपाशीच, म्हणजे टोकाच्या गोल फिरत्या सांध्यापाशीच तुटला. मे महिन्यातलं जळगावचं ऊन, म्हणून पहाटे 5 लाच अंगणात बसलो. गाडी बुटकी, जॅक आत जाईना. आधी चाकं फळ्यांवर चढवली. मग पुढच्या दोन्ही बाजू उचलून स्टँडवर टेकवल्या. एकच उचलली तर अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारी आडवी दांडी) पीळ राहतो, नवा रॉड भोकात बसत नाही. (हे तासभर घाम गाळल्यावर कळलं.) नट फिरवला की बोल्टही गरगर फिरे, बोल्टच्या मधल्या खाचेत ॲलन की (सहा कोनांची किल्ली) धरली तेव्हा सुटला. वडील चहा घेऊन आले, "काय करी ऱ्हायना?" डावाही बदलला, नट नवेच लावले. आता स्पीडब्रेकरवर फक्त बूड घासतं, त्याला इलाज नाही.