विद्यापीठातील जीर्ण इमारतींचा पुनर्विकास : पाडकामाआधीची कामे

विद्यापीठाच्या आवारातील एखादी इमारत जीर्ण झाली की नव्या इमारतीचे संकल्पचित्र लगेच तयार होते. परंतु जुन्या इमारतीतील विभाग, प्रयोगशाळा आणि दप्तर बांधकाम पूर्ण होईपर्यंत कोठे राहणार, हे लेखी ठरल्याशिवाय पाडकामाची निविदा काढू नये.

सुरुवात अर्थातच स्ट्रक्चरल ऑडिटने, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तांत्रिक तपासणीने करावी. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींसाठी ते महापालिका अधिनियमानुसार बंधनकारक आहे आणि इतर शहरांतील विद्यापीठांनीही हीच मर्यादा पाळणे हिताचे ठरते. केवळ डोळ्यांनी पाहून लिहिलेला अहवाल स्वीकारू नये. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारी) व अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतील दोष शोधणारी) चाचण्यांबरोबरच खांबांतून काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्यांची ताकद आणि कार्बोनेशनची (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कता घटण्याची) खोली त्यात नोंदलेली असावी. कार्बोनेशन तपासताना नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शक द्रवाचा फवारा मारतात. सुस्थितीतील भाग गुलाबी होतो आणि अल्कता गमावलेला भाग बिनरंगी राहतो. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोहोचला असेल, तर वरचा गिलावा शाबूत दिसत असूनही सळईचे गंजापासूनचे संरक्षण गेलेले असते.

मुंबई महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत सी-1 इमारत रिकामी करून पाडावी लागते, तर सी-2 व सी-3 गटांतील इमारती दुरुस्तीयोग्य मानल्या जातात. सी-2 इमारतही सरसकट पाडण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. वारसा इमारतींबाबत तर पाडून नवी बांधण्याचा विचारच नको. मुंबई विद्यापीठाचे फोर्ट संकुल 2018 पासून जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे, तेथे जतन हाच मार्ग आहे.

स्थलांतराचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच दाखवून तो वित्त व लेखा समिती आणि व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावा, अन्यथा तो मागाहून विभागांच्या माथी बसतो. आवारात आधी एक साधी इमारत उभारावी, तीत पहिला विभाग हलवावा आणि रिकाम्या झालेल्या जागेवर पुढचे काम घ्यावे; वेळ अधिक लागतो, पण अध्यापन बंद पडत नाही. रसायनशास्त्र विभागातील मुदत संपलेली रसायने, भौतिकशास्त्रातील पारा आणि छपरावरील ॲस्बेस्टॉसचे पत्रे यांची विल्हेवाट पाडकामाच्या ठेकेदारावर सोपवू नये. ती अधिकृत संस्थेकडून आधीच करून घ्यावी. उत्तरपत्रिका व परीक्षा विभागाचे दप्तर सत्र परीक्षांच्या काळात हलवू नये. झाडे तोडण्यासाठी लागणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचा अर्ज आराखडा पक्का होण्यापूर्वीच तयार ठेवावा, कारण एखाद्या जुन्या वडासाठी इमारतीची जागा सरकवणे आराखडा कागदावर असतानाच सोपे असते.

जुन्या आवारांत भूमिगत केबल व जलवाहिन्यांचे नकाशे बहुधा अपुरे असतात. म्हणून खोदकामापूर्वी निवृत्त वायरमन आणि प्लंबर यांना मानधन देऊन बोलवावे, त्यांनी दाखवलेल्या मार्गांवर चुन्याने खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेची खात्री हाताने खणलेल्या चाचणी खड्ड्याने करून घेतल्यावरच यंत्र आत येऊ द्यावे.