नौदलातल्या वडिलांचा माग: आधी पथक शोधा
वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या हवाई बचाव पथकात होते? सेंट लुईसच्या सेवानोंद केंद्राकडून त्यांची फाइल जरूर मागवा. १९७३च्या आगीत तिथे भूदल आणि हवाईदलाच्या नोंदी जळाल्या, नौदलाच्या नाही. ‘सगळं जळालं’ ऐकून थांबू नका. पण खरा ऐवज पथकाच्या युद्ध-दैनंदिनीत सापडतो. फाइलमधून पथकाचा क्रमांक मिळाला, उदाहरणार्थ व्हीएच-३, की अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत तोच टाका. ‘डम्बो’ही शोधा, समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्या फेऱ्यांचं ते सांकेतिक नाव. दैनंदिनीत अनेकदा मुख्य वैमानिकाचंच नाव असतं, म्हणून घरी वडिलांची उड्डाणवही असेल तर तारीख, विमान क्रमांक आणि वैमानिकाचं आडनाव ओळीने जुळवत जा.