रस्त्यावरच्या झाडावर चढलेली वेल काढायची कशी

जळगाव-धुळ्याकडे रस्त्याच्या कडुनिंबावर वेल चढली की लोक एकतर हिरवंगार दिसतंय म्हणून सोडून देतात, नाहीतर चार जण लोंबकळून ओढतात. ओढू नका भाऊ, फांद्या मोडतात, साल निघते, घरटं असलं तर तेही जातं.

आधी वेल ओळखा. गुळवेल असली तर राहू द्या, इथलीच आहे. उन्हाळ्यात तिची पानं गळतात म्हणून लोक वाळकी समजून तोडतात, पण खोड बघा, कागदासारखी पातळ साल सुटते, खरवडली की आत हिरवं, आणि वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. शेंडाच झाकत असेल तर तेवढी छाटा.

बाकी जमिनीतून चढलेल्या वेली आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास कापा, पाला कमी असतो, खोड लगेच सापडतं. एक काप घोट्याजवळ, दुसरा कमरेच्या उंचीवर, मधला तुकडा फेका. सिकेटर (छाटणीची कात्री) नाहीतर छोटी करवत घ्या, कोयता नको, घाव झाडाच्या सालीत जातो. वरचं तसंच राहू द्या, आपल्या उन्हात काही दिवसात वाळतं मग हलक्या हाताने निघतं. गुलाबी फुलांची आइसक्रीम वेल मात्र (मूळची मेक्सिकोची, हौसेने कुंपणाला लावलेली) जमिनीत कंद ठेवते, ते कुदळीने खोदून काढल्याशिवाय पाऊस पडला की पुन्हा हजर. रबरवेलीचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

अमरवेलीचं गणित वेगळं. पिवळे दोरे, पान नाही, जमिनीत मूळ नाही, मग बुंध्याशी कापणार काय? ती फांदीतच घुसून रस ओढते. बोरीवर तर फारच, जळगावच्या मेहरूणची बोरं खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आणि डिव्हायडरवरच्या मेंदी-ड्युरांटावर पण. दोरे नुसते उपसले तर चिकटलेले तुकडे परत फुटतात, म्हणून वेल लागलीय तिथून वीतभर मागे फांदीच कापायची, तेही बी धरायच्या आधी. तुकडे थेट गोणीत भरा, एक जरी शेजारच्या झुडपावर पडला तरी तिथे सुरू होते. गोणी बांधून उन्हात ठेवा, पार वाळेपर्यंत उघडू नका.

फांदी कापायची म्हणजे आधी पालिकेच्या वृक्ष विभागाला अर्ज द्या, शहरात झाडांच्या जतनाचा १९७५चा कायदा लागू आहे. वेल विजेच्या तारेवर गेली असेल तर बांबू-बिंबू लावू नका, महावितरणच्या लाइनमनला बोलवा. पावसाळा लागला की बुंध्याशी एक चक्कर मारा, नवे कोंब कोवळे असतानाच मुळासकट हाताने उपटले जातात.